तेविसावं पाऊल

दिवे मालवले की मी डोळे मिटून घेतो.
शेजारी बसलेल्या इगाला वाटतं, म्हाताऱ्याचा डोळा लागला.
वाटू दे.
हा सिनेमा मी बघत नाही, ऐकतो.

पडद्यावर कॅप्टन ड्रोझ्द चालतोय :
चेहरा त्या देखण्या नटाचा,
कोट भाड्याचा,
खोकला दुसऱ्याच कुणाचा तरी,
आणि पावलं माझी.

एकोणसत्तर साल, वूच शहर,
स्टुडिओच्या तळघरात ओळीनं मांडलेल्या पेट्या :
एकीत वाळू, एकीत खडी,
फडक्यात बांधलेलं बटाट्याचं पीठ, तो बर्फ.
गोदामातला खून म्हणजे एक कोबी होता.
रात्री त्याचंच सूप करून प्यायलो सगळे.

काय सिनेमा आहे पण!
खुनी कोण ते अर्ध्या तासात कळतं
आणि तरी दोन तास जीव टांगणीला.
विधवेच्या स्वयंपाकघरात ड्रोझ्द बसतो
आणि काहीच विचारत नाही.
चमचा कपात फिरत राहतो, फिरत राहतो,
साखर तर केव्हाच विरघळलेली.
मग ती आपणहून म्हणते, "तो वर आहे."
आजकालचे पोलीस पडद्यावर किती बोलतात!

आणि मग तो जिना.
कॅमेरा खालीच थांबतो, वर जायचं धाडस त्यालाही नाही.
अंधारात फक्त कठड्यावरून सरकणारा हात
आणि माझी पावलं.
बावीस पायऱ्या. हात थांबतो.
आणि हात थांबल्यावर
आणखी एक पाऊल वाजतं.

चूक होती.
मी हात जोडून म्हटलं, पुन्हा करतो.
दिग्दर्शक झाब्लोत्स्कीनं तीनदा ऐकलं,
सिगारेट पेटवली, उलट्या बाजूनं,
आणि म्हणाला, "राहू दे."

पन्नास वर्षं झाली, ते राहिलंय.
कुणी म्हणालं, ती सदसद्विवेकाची चाहूल.
कुणी म्हणालं, सरकारची.
एका पाहुण्या समीक्षकाला तिथं देव सापडला.
इगाच्या प्रबंधात त्यावर चाळीस पानं आहेत.
काल चहा ओतता ओतता तिनं विचारलं,
"आजोबा, ते तेविसावं पाऊल नक्की कुणाचं?"
"फळी सैल होती, पोरी," मी म्हटलं.

फळी सैल नव्हती.

शहाण्यानं त्यांची पायरी चढू नये म्हणतात.
पण तेच आपल्या पायऱ्या चढून आले तर?
एक्कावन्न साल. मी नऊ वर्षांचा.
कापडगिरणीमागची आमची इमारत,
रात्री जिन्यावर बूट वाजले
की प्रत्येक दारामागे कुणीतरी अंधारात मोजायचं.
अकरा : पहिला मजला सुटला नाही अजून.
बावीस : समोरच्या स्तेम्पिएन्यांचं दार.
आमच्या दाराशी फरशी जरा उंच,
उंबऱ्याएवढी एकच पायरी जास्त.

त्या रात्री बूट बाविसावर थांबले.
आईनं श्वास सोडला. तो ऐकू आला मला.
दुसऱ्याच्या दारावर गेलेलं संकट
किती हलकं असतं, ते मी त्या क्षणात शिकलो.
मग आणखी एक पाऊल वाजलं.

बाबांना नमद्याच्या सपातांत नेलं.
बूट पलंगाखालीच राहिले,
नाल ठोकलेले, टाचेचा सणसणीत आवाज,
आणि मोठेपणी ते मला बरोब्बर बसले.

तेच बूट घालून मी त्या तळघरात
एका पोलिसाला चालवत होतो.
बाविसाव्या पायरीशी मी थांबलो होतो खरा,
पाय थांबले नाहीत. पायांना घर माहीत होतं.

हे प्रबंधात कुठं घालणार ती?
राहू दे. देव तर देव.

आता सभागृहात कुणी खोकतही नाही.
इगानं खुर्चीचा हात घट्ट धरलाय,
दहाव्यांदा बघतेय, तरीही.
एकोणीस. वीस.
एकवीस.
हात थांबतो,
आणि खुर्चीखाली, सरकारी दवाखान्यानं दिलेल्या मऊ बुटात
माझी टाच
उचलली जाते.